छाती बेचाळीस

३ फेब्रुवारी

काका,

नमस्कार करते आणि आधी कान पकडते. बाबा जाऊन अकरा आठवडे झाले आणि मी कळवलेल्या त्या दोन ओळींनंतर तुम्हाला काहीही लिहिलं नाही. फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही. 'बाबा गेले' हे ओरडून ओरडून सांगायची ताकद माझ्यात नव्हती.

आता लिहितेय तेही कामासाठीच, रागावू नका. इथल्या माजी सैनिकांच्या मंडळाचा वर्षातून एक कार्यक्रम असतो. वर्षभरात जे गेले त्यांच्याबद्दल घरच्यांनी एकेक पान वाचायचं. या वेळी तो मेच्या पहिल्या रविवारी आहे. मंडळाचे सेक्रेटरी बाबांचे जुने मित्र आहेत, काठी टेकत चालतात. तीन जिने चढून ते स्वतः सांगायला आले. म्हणाले, "एकच पान लिही. आणि देवमाणूस वगैरे नको. मागच्या वर्षी सात देवमाणसं झाली, अर्धी मंडळी घोरत होती."

मी बसले लिहायला आणि अर्ध्या पानात संपले. बाबा बाविसाव्या वर्षी या देशात आले, कपड्यांच्या कारखान्यात लागले, तीन वर्षांत सैन्यात भरती झाले. बंदूक फारशी हातात घेतलीच नाही, पॅराशूटं शिवायची आणि घडी करायची त्या विभागात बावीस वर्षं काढली. मग ताडपत्रीचं दुकान टाकलं, ट्रकची आच्छादनं आणि दुकानांपुढची छतं शिवली. लग्न केलं, मला वाढवलं. एवढं तर त्यांच्या पेन्शनच्या कागदातही आहे.

मला आठवतं ते भलतंच. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायला बाबांना अर्धा तास लागायचा. प्रत्येक विषयाचे गुण बोट ठेवून वाचायचे, बेरीज पुन्हा करायचे, मग पेन उघडायचे. मैत्रिणींचे वडील दारात उभ्या उभ्या सही ठोकायचे आणि आमच्याकडे जणू न्यायालय भरायचं. माझ्या वेण्या ते घालायचे, आणि त्या इतक्या घट्ट की संध्याकाळपर्यंत भुवया वर चढलेल्या असायच्या. मी सहलीला निघाले की ते दप्तराचा प्रत्येक पट्टा तीनदा ओढून बघायचे.

हे सगळं कुठून आलं, ते तुम्हालाच माहीत असणार. आणि ती मापांची भानगड. दर जूनमध्ये बाबांची मापं एका कागदावर तुम्हाला जायची आणि सप्टेंबरात तुमच्या हातचा शर्ट यायचा. मला ते दोघा शिंप्यांचं खूळच वाटत आलं. ते कधी सुरू झालं?

शेवटची वर्षं बाबा छान होते, काळजी नसावी. जे झालं ते अगदी अचानक झालं.

तुमची पुतणी

१९ फेब्रुवारी

बाळ,

तुझं अक्षर दादासारखं आहे. पाकीट हातात घेतलं आणि क्षणभर मूर्खासारखा आनंद झाला.

विचारलंयस तर सांगतो. आमच्या वडिलांच्या दुकानात मशीन एक आणि पोरं दोन. एका मशीनवर दोघं बसू शकत नाहीत, म्हणून थोरला उठला. यापलीकडे त्याच्या परदेशी जाण्यात काही नाही. लोक त्याला धाडसी म्हणत, मी म्हणतो त्यानं मला जागा दिली. जाताना वडिलांची मोठी कात्री घेऊन गेला, त्यावरून मी दोन वर्षं कुरकुरत होतो.

आता मापं. आमच्या आईला अक्षरं येत नव्हती, पण शिंप्याची बायको, आकडे तिला पक्के येत. दादाचं पत्र आलं की कुणीतरी वाचून दाखवायचं आणि वाचणारा गोड गोडच वाचायचा. आईला ते पटेना. ती म्हणाली, "त्याला म्हणावं मापं पाठव. ती माझी मी वाचीन." तेव्हापासून सुरू झालं. छाती चाळीस म्हणजे पोरगा जेवतोय. एकोणचाळीस म्हणजे दमलाय. ती कागद खिडकीशी नेऊन बघायची आणि मग मला कापड काढायला सांगायची. माप घेणाऱ्यानं खाली सही करायची हा नियमही तिचाच. सही नसेल तर तो आकडा तिच्या लेखी नाहीच.

एका वर्षी सदतीस आलं. आईनं कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "ऊठ. जाऊन ये." मी कधी गावाची वेस ओलांडलेली नव्हती. पण गेलो, तीन दिवसांचा प्रवास करून तुमच्या त्या छावणीच्या फाटकाशी उभा राहिलो. दादा बाहेर आला तो हँगरवरच्या कपड्यासारखा.

झालं होतं असं. घडी केलेल्या प्रत्येक पॅराशूटबरोबर एक कार्ड असतं. ज्यानं घडी केली त्याची सही आणि ज्यानं तपासली त्याची सही. त्यांच्याकडे रीत अशी की साहेब कधीही येऊन म्हणणार, "हेच पाठीला बांध आणि मार उडी." त्यामुळे कुणी हयगय करत नसे. दादा तेव्हा तपासनीस होता. शनिवारची संध्याकाळ, शेवटचं एकच राहिलेलं, घडी करणारा जुना, खात्रीचा माणूस. दादानं उघडून बघितलं नाही, नुसती सही केली. सोमवारी एक शिपाई ते घेऊन उतरला, दोऱ्या गुंतल्या. जगला, पण कंबर आणि एक पाय कायमचा गेला. दादाचा हुद्दा उतरवला, त्याचं त्याला काही नव्हतं. त्यानं अन्नच टाकलं होतं. मी बारा दिवस राहिलो, चमच्यानं भरवलं, शिव्या घातल्या. निघालो तेव्हा तो स्वतःहून ताट धुवायला उठला. तू तेव्हा जन्मायची होतीस.

तर तुझ्या प्रगतिपुस्तकाचं न्यायालय तिथून आलं.

शेवटच्या वर्षांचे सगळे कागद माझ्याकडे आहेत, तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीसकट. छाती बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस. ते बघूनच मी निर्धास्त राहिलो. एक इंच जरी उतरलं असतं तरी मी आलो असतोच, हे तुला सांगायला नको.

तुझा काका

६ मार्च

काका,

तुमचं पत्र मी डेपोत उघडलं. मी बसच्या ड्युट्या लावते, माझ्या टेबलावर तीन फोन आहेत. त्या दिवशी तिन्ही वाजत होते आणि मी उचलत नव्हते. शेवटी एक ड्रायव्हर येऊन म्हणाला, "मॅडम, बरं नाही का?"

मी तुम्हाला खोटं लिहिलं. 'छान होते, अचानक झालं' हे खोटं आहे.

आई होती तोवर मापं ती घ्यायची. ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. पहिली दोन वर्षं मी नीट घेतली. पण बाबांची पद्धत तुम्हाला माहीत आहे. बनियनवर ताठ उभे राहायचे, सावधान असल्यासारखे, आणि प्रत्येक माप तीनदा घ्यायला लावायचे. पाऊण तास जायचा. मी रविवारीच यायचे, त्यात त्यांची भांडी, औषधं, पडदे, आणि डेपोचा फोन. तिसऱ्या वर्षी मी म्हटलं, "बाबा, मागच्या वर्षीचीच उतरवते. आता काय तुमची उंची वाढणार आहे?" ते म्हणाले, "बघ बुवा." मी बेचाळीस लिहिलं. ते म्हणाले, "सही कर." मी केली, उभ्या उभ्या.

पुढच्या वर्षी तेच आणि त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. शेवटच्या वेळी त्यांनी विचारलंसुद्धा नाही, टेप टेबलावर काढून ठेवली होती. मी ती गुंडाळून खणात ठेवली.

डॉक्टर म्हणाले, आजार दोन वर्षं तरी आतून पोखरत असणार, वजन उतरलं असेल, कुणाच्या लक्षात कसं नाही आलं? बाबा घरात जाड स्वेटर घालायचे. मी म्हटलं स्वेटरमुळे कळलं नाही. डॉक्टरांनी मान हलवली. पण काका, टेप छातीभोवती न्यायची म्हणजे दोन्ही हात माणसाच्या भोवती घ्यावे लागतात. मी एकदा जरी घेतले असते तरी मला आकडा वाचायचीही गरज पडली नसती.

आणखी एक सांगते, मग तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. मागच्या सप्टेंबरात तुमचा शर्ट आला तेव्हा तो त्यांच्या खांद्यावरून घसरत होता. मी हसले आणि म्हणाले, "काकांचा हात बिघडला की हो!" बाबा म्हणाले, "म्हातारा झालाय तो. सांभाळून घे." आणि मी घेतलं सांभाळून. मला वाटलं चूक तुमच्या कात्रीची आहे.

मी त्या सेक्रेटरींना विचारलं की तो शिपाई कोण होता. त्यांनी काठी वर करून दाखवली. इतकी वर्षं ते आमच्या घरी जेवायला यायचे आणि बाबा त्यांच्यासाठी फाटकापर्यंत उतरून जायचे, हे मला फक्त दोस्तीचं वाटायचं. ते म्हणाले, "ते लिही. मी समोरच बसलेला असेन."

बाबांची चूक एका शनिवारची होती. माझी तीन वर्षांची. एक इंच उतरलं असतं तर तुम्ही आला असतात, असं तुम्ही लिहिलंय. तुमची वाट मी अडवली. रोज जेवायला बसले की ते वाक्य आठवतं.

तुम्ही मला माफ करा असं मी म्हणत नाही. फक्त उत्तर द्या.

२ एप्रिल

काका,

पत्र मिळालं का? चार आठवडे झाले. रागावला असाल तर तसं लिहा. शिव्या लिहा, पण काहीतरी लिहा. पोस्टमन आता मला बघितलं की लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणतो.

१४ एप्रिल

बाळ,

पत्र मिळालं होतं. चार वेळा उत्तर लिहायला बसलो आणि चारही वेळा कागद फाडले. मी तुझ्यावर रागावलो असेन अशी तुला भीती वाटतेय. वाचून झाल्यावर तुला माझ्यावर रागवायचं आहे, तेव्हा बसून वाच.

मागच्या जुलैत तुझा बेचाळीसचा कागद आला. त्यानंतर आठ दिवसांनी दादाचा आला, त्याच्या हातचा. अक्षर हललेलं होतं. जसाच्या तसा उतरवतो:

'छाती छत्तीस. कंबर एकतीस. आरशासमोर एकट्यानं घेतली, अर्धा इंच इकडेतिकडे धर. पोरीनं बेचाळीस लिहिलंय ते राहू दे. शर्ट बेचाळीसचाच शिव, नाहीतर तिला कळेल. खोट्या सहीबरोबर जगायचं कसं असतं ते मला माहीत आहे, तिच्या वाट्याला नको. तिला खूप काम असतं. बाकी ठीक.'

खाली सही होती.

म्हणजे मला माहीत होतं. हात बिघडला नव्हता माझा. छत्तीसच्या माणसासाठी मी बेचाळीसचं कापड जाणूनबुजून कापलं. शिवण सरळ आहे, बघ कधी.

मग तुम्ही आला का नाहीत, असं तू विचारशील. आमची आई गेली तेव्हा दादा कुठल्यातरी सीमेवर होता. त्याला कळलं नवव्या दिवशी. त्यानं फोन केला, म्हणाला, "मी निघतोय." आणि मी म्हणालो, "आता कशाला? आता तुझं इथं कुणी नाही." मी एकट्यानं सगळं उरकलं होतं, जळफळत होतो, तोंडातून निघून गेलं. त्याला एकतीस वर्षं झाली. तो आला नाही, मी बोलावलं नाही. मापं आणि शर्ट तेवढे चालू ठेवले, कारण ते आईनं लावून दिलं होतं, आणि त्यात बोलावं लागत नव्हतं.

तो कागद आला तेव्हा मला कळलं. छत्तीस म्हणजे काय हे आमच्या घरात मला सांगावं लागत नाही. पण मी कागद चारदा वाचला आणि त्यात कुठे 'ये' लिहिलंय का ते शोधत राहिलो. नव्हतं. मी मनात म्हटलं, एकदा म्हण ना. थोरला आहेस, एकदा 'ये' म्हण, मी धावत येतो. पासपोर्ट काढून ठेवला होता, बॅगही खाली उतरवली होती. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. पोस्टानं शर्ट पाठवला आणि स्वतः घरी बसलो. नोव्हेंबरात तुझ्या दोन ओळी आल्या.

आणि मग मी तुला काय लिहिलं? 'एक इंच उतरलं असतं तर मी आलो असतोच.' सहा इंच उतरले होते. मी तुझ्या आकड्यांच्या आड लपलो. तुझी सही होती म्हणून मला कुणी काही विचारणार नव्हतं. तू स्वतःहून सांगशील असं मला वाटलं नव्हतं. सांगितलंस आणि माझी लाज निघाली. पोर खरं बोलली आणि म्हातारा महिनाभर मूग गिळून बसला.

माझी वाट तू अडवली नाहीस. वाट मोकळी होती.

काका

७ मे

काका,

तुमचं पत्र येऊन दोन आठवडे झाले. पहिला आठवडा मला तुमचा इतका संताप आला की मी तुम्हाला जे लिहिलं ते पाठवण्यासारखं नव्हतं. जुलै ते नोव्हेंबर पाच महिने होतात. एक ओळ मला लिहिली असतीत! 'दादानं नको म्हटलंय, पण तू टेप काढ', एवढंच. मला पाच महिने मिळाले असते. ते बरे झाले नसते, डॉक्टर तसंच म्हणतात. पण मी रविवारच्या ऐवजी रोज गेले असते. स्वेटर काढला असता.

हे मी लिहिलं, कारण मनात ठेवलं तर आपलंही एकतीस वर्षांचं काहीतरी होऊन बसेल.

रविवारी कार्यक्रम झाला. मी दोन पानं लिहून नेली होती. पहिलं बाबांच्या सहीबद्दल आणि दुसरं माझ्या. पहिलं वाचलं. शनिवारची संध्याकाळ, न उघडलेली घडी, आणि त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं एकही कागद न वाचता सही न केलेला माणूस. कुणी घोरलं नाही. सेक्रेटरी पहिल्या रांगेत होते, काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते, आणि माझं वाचून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग मी दुसरं पान वर घेतलं. समोर एवढी माणसं माझ्याकडे मायेनं बघत होती. मी ते पान दुमडलं आणि खाली बसले. टाळ्या झाल्या. एक बाई येऊन म्हणाल्या, "अशी मुलगी नशिबानं मिळते." मी त्यांना 'थँक्यू' म्हटलं.

बाबांची चूक मी भर सभेत वाचली, स्वतःची नाही वाचली. हे आता तुम्हाला आणि मला माहीत आहे, तिसऱ्या कुणाला नाही. त्यामुळे तुमच्यावर रागवायचा माझा हक्क मला थोडा कमी झाल्यासारखा वाटतो, तरी राग आहेच.

आता एक गोष्ट सांगते. ही तुम्हाला सांगू नये असंच माझ्या मनात होतं. म्हाताऱ्या माणसाला कशाला आणखी त्रास, असं वाटत होतं. पण तुम्ही चारदा वाचूनही जे सापडलं नाही म्हणता, ते तुम्हाला न सांगणं म्हणजे पुन्हा मागच्या वर्षीचाच आकडा उतरवण्यासारखं होईल.

मागच्या जुलैच्या शेवटी बाबांनी दुकानामागची छोटी खोली रिकामी करून घेतली. ताडपत्रीचे गठ्ठे त्यांनीच हमाल बोलावून बाहेर काढले. एक पलंग टाकला, गादी नवी केली, पायाशी कमी उजेडाचा दिवा लावला. चादर स्वतः शिवली, बसून बसून, चार दिवस घालवून. मी विचारलं, "बाबा, हे कुणासाठी?" ते म्हणाले, "असू दे. कुणी आलंच तर." मला वाटलं वयाचं आहे. मी म्हटलं, "कोण येणार आहे तुमच्याकडे?" ते हसले. दर रविवारी मी गेले की आधी त्या खोलीची खिडकी उघडायला सांगायचे, हवा खेळती राहावी म्हणून. हॉस्पिटलात नेलं त्या सकाळीही सांगितलं.

खोली तशीच आहे. दुकान मी अजून सोडलेलं नाही. त्या गादीवर आजवर कुणी झोपलेलं नाही.

तुमचा पासपोर्ट चालू असेल तर या. मी तुम्हाला माफ केलंय असं नाही, आणि तुम्ही मला केलंय का, तेही विचारत नाही. आल्यावर कदाचित पहिले दोन दिवस आपण नीट बोलणारही नाही. पण काका, ये असं त्यांनी लिहिलं नाही म्हणून तुम्ही थांबलात, तर आता मी लिहिते.

या.